भोसरीच्या शेडमध्ये रॉकेटचं काम घ्यावं का? स्पेसचा धंदा खरा की नुसती हवा?

लेथवाला_भोसरी

नमस्कार मंडळी, चार वर्षं नुसता वाचतोय, हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

माझी भोसरी एमआयडीसीत शेड आहे. तीन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीनं), दोन सीएनसी टर्निंग, अकरा माणसं. वडिलांनी एका जुन्या लेथवर सुरू केलं होतं. नव्वद टक्के काम गाड्यांचं, ब्रॅकेट, हाउसिंग, असलंच. मागच्या वर्षी ओळखीतून एका रॉकेट बनवणाऱ्या स्टार्टअपची एन्क्वायरी आली (नाव विचारू नका). नग किती, तर 14. ॲल्युमिनियम 6061 चा साडेअकरा किलोचा ठोकळा घ्यायचा आणि कोरून कोरून 900 ग्रॅमचा पार्ट काढायचा, बाकी सगळा चुरा. भिंत 1.2 मिमी. पहिले दोन नग असे वाजले मशीनवर की शेजारच्या शेडवाला बघायला आला काय झालं म्हणून. चॅटरच्या (टूल थरथरल्याच्या) रेषा नखाला लागत होत्या, गेले भंगारात. मग पोरांनी पार्टच्या कोरलेल्या खिशात मेण भरून फिनिश कट घेतला तेव्हा कुठे भिंत गप्प बसली.

पार्ट जमले. पण कागद! मटेरियल सर्टिफिकेट, हीट नंबर (धातूच्या ओतीचा नंबर), प्रत्येक नगाचा सीएमएम (मापं घेणारं मशीन) रिपोर्ट, कुठल्या ऑपरेटरने कुठल्या दिवशी केला ते. 14 नगांना जेवढे कागद काढले तेवढे ऑटोच्या 14 हजारांना काढले नसतील. रेट चांगला होता, नाही म्हणत नाही. पैसे मात्र 110 दिवसांनी आले.

आता ते म्हणतात फाइव्ह ॲक्सिस (पाच बाजूंनी फिरणारं) मशीन घ्या, वर्षाला दोनशे नग देतो. हे मेलवर आहे, पीओ (पक्की खरेदी ऑर्डर) नाही. मशीन सगळं धरून 1 कोटी 10 लाखाला पडतंय. बायको म्हणते आधी पीओ आण मग बँकेत जा. पोरगा म्हणतो बाबा हेच फ्यूचर आहे. तर जाणकारांनी सांगा, या धंद्यात नक्की पैसा कुठे आहे? आणि तो माझ्यासारख्यापर्यंत पोचतो का?

चहा_बिस्कीट

वहिनींना +1. धागा बंद करायला हरकत नाही.

नभांगण

दादा, आधी अभिनंदन! रॉकेटचा पार्ट भोसरीत होतोय हे वाचूनच भारी वाटलं.

पोराचं बरोबर आहे. 2020 पर्यंत आपल्याकडे खाजगी कंपनी म्हणजे इस्रोची फक्त सप्लायर होती, स्वतःचं रॉकेट उडवायची सोयच नव्हती. मग खाजगी कंपन्यांना परवानगी देणारं सरकारी इन-स्पेस आलं, 2023 ला स्पेस पॉलिसी आली, 2024 ला परदेशी गुंतवणूक मोकळी केली, उपग्रहात 74 टक्के, रॉकेटमध्ये 49 आणि सुटे भाग बनवण्यात पूर्ण 100 टक्के ऑटोमॅटिक. म्हणजे तुमचंच क्षेत्र सगळ्यात मोकळं. स्कायरूट या स्टार्टअपने नोव्हेंबर 2022 ला विक्रम-एस रॉकेट 89 किमीवर नेलं, अग्निकुल या दुसऱ्या स्टार्टअपने मे 2024 ला थ्रीडी प्रिंट केलेल्या इंजिनवर उड्डाण केलं, तेही श्रीहरिकोट्यातल्या स्वतःच्या लाँचपॅडवरून. आणि स्कायरूटच्या इंजिनांच्या काही चाचण्या आपल्या नागपुरात सोलर इंडस्ट्रीजच्या जागेत झाल्यात, हे किती जणांना माहितीये? सरकारचं टार्गेट आहे की 2033 पर्यंत भारताची स्पेस इकॉनॉमी साधारण 8 अब्ज डॉलरवरून 44 अब्जावर न्यायची. आत्ता नाही शिरलात तर कधी?

खडूस_सीए

टार्गेट आणि ऑर्डर यात फरक असतो हो नभांगण. 44 अब्जावर ईएमआय भरता येत नाही.

लेथवाला, दोन गोष्टी. एक, लघुउद्योगाची उद्यम नोंदणी आहे ना? मग तुमचे पैसे 45 दिवसांच्या आत द्यायला पार्टी बांधील आहे. आयकराचं 43बी(एच) कलम आल्यापासून त्या मुदतीत पैसे दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत त्यांना तो खर्च वजा घालता येत नाही. पण तोट्यातल्या स्टार्टअपला टॅक्सच नाही तर त्या कलमाची भीती कसली, ही गंमत लक्षात ठेवा. व्याज मागायचा हक्क मात्र आहे. दोन, मेलवरचे दोनशे नग म्हणजे लग्नात "या एकदा घरी" म्हणतात ना, तसं.

नभांगण

तुम्ही प्रत्येक धाग्यावर हेच लिहिता. तुमच्या हिशेबाने वडिलांनी लेथ पण घ्यायला नको होता.

खडूस_सीए

वडिलांनी सेकंडहँड घेतला असणार, आणि रोखीने. विचारा.

लेथवाला_भोसरी

बरोबर ओळखलंत. 1987 ला, बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावात.

सोलापूर_ते_सिएटल

इथे वॉशिंग्टन राज्यात स्पेसवाल्या कंपन्यांचा सुकाळ आहे, स्टारलिंकचे उपग्रह इथेच रेडमंडला बनतात, जरा जवळून बघायला मिळतं म्हणून लिहितो. मी स्वतः सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मेण-बिण मला कळत नाही (पण ते वाचून लय मजा आली).

"पैसा कुठे आहे" याचं उत्तर रॉकेटमध्ये नाही असं आहे. बातमी रॉकेटची होते, धूर दिसतो, आकडे मोजणारा माणूस दिसतो. पण जगभरच्या स्पेसच्या उलाढालीत लाँचचा वाटा अगदी किरकोळ, खरा पैसा टीव्ही, इंटरनेट, जीपीएसची उपकरणं आणि सरकारी कंत्राटं यात. स्पेसएक्सचंच बघा ना, 2015 च्या डिसेंबरात पहिला बूस्टर (रॉकेटचा खालचा टप्पा) जमिनीवर उतरवला, 2017 ला वापरलेला परत उडवला, आता एकेक बूस्टर तीस तीस वेळा उडालाय. 2024 मध्ये त्यांच्या फाल्कन रॉकेटची 130 च्या वर उड्डाणं झाली. पण त्यातली साधारण दोन तृतीयांश त्यांच्याच स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेटसाठी! म्हणजे बाहेर एवढं गिऱ्हाईकच नव्हतं. रॉकेट स्वस्त झालं पण माल कोण पाठवणार, म्हणून त्यांनी स्वतःच दुकान टाकलं आणि स्वतःच्याच टेम्पोतून माल न्यायला लागले. आज वर फिरणाऱ्या चालू उपग्रहांतले निम्म्याहून जास्त त्यांचेच आहेत.

आणि यात गाळात गेलेले पण मोजा. व्हर्जिन ऑर्बिट विमानातून रॉकेट सोडायची, एप्रिल 2023 ला दिवाळखोरीत. ॲस्ट्रा शेअर बाजारात वाजतगाजत आली, 2024 ला मालकांनीच कवडीमोल भावात परत विकत घेतली. त्याआधीचं इरिडियम आठवतंय का कुणाला, मोटोरोलाचं, सॅटेलाइट फोनवालं? 66 उपग्रह, काही अब्ज डॉलर खर्च, 1998 ला सेवा सुरू आणि 1999 ला दिवाळं. नंतर कुणीतरी अडीच कोटी डॉलरला सगळं उचललं, आणि गंमत म्हणजे ती कंपनी आज चालू आहे, नफ्यात. पहिला मालक बुडतो, दुसरा कमावतो.

चहा_बिस्कीट

हे तर पुण्यातल्या हॉटेलांचं पण असंच आहे. तिसरा मालक.

कऱ्हाडी_मिरची

मला एक कळत नाही, लहान रॉकेटवाल्यांचा धंदा चालतो कसा? स्पेसएक्सच्या ट्रान्सपोर्टर या सामायिक फेरीवर 2024 ला किलोला सहा हजार डॉलरच्या आसपास घेत होते म्हणे, म्हणजे पाच लाख रुपये. रॉकेट लॅब कंपनीचं इलेक्ट्रॉन हे लहान रॉकेट सगळं मिळून 300 किलो नेतं आणि एका फेरीचे सत्तर-ऐंशी लाख डॉलर, म्हणजे किलोला पंचवीस हजार डॉलर.

नभांगण

ट्रान्सपोर्टर म्हणजे एसटी, तिच्या वेळेला, तिच्या स्टँडवर. इलेक्ट्रॉन म्हणजे रिक्षा, दारात सोडते. उपग्रहाला नेमकी कक्षा, नेमकी वेळ हवी असेल तर जास्त पैसे मोजतात लोक. स्कायरूट, अग्निकुल, इस्रोचं छोटं रॉकेट एसएसएलव्ही, सगळ्यांचा डाव तोच आहे.

कऱ्हाडी_मिरची

मग इस्रोचं पीएसएलव्ही रॉकेट म्हणजे वडाप! 2017 ला एका फेरीत 104 बसवले होते, त्यातले 88 एकाच अमेरिकन कंपनीचे. मागच्या फळीवर लोंबकळत.

टर्बाइन_आजोबा

वडापची गंमत ठीक आहे, पण मे 2025 ला आणि जानेवारी 2026 ला लागोपाठ दोन पीएसएलव्ही तिसऱ्या टप्प्यात बिघडून वाया गेले. जानेवारीच्या फेरीत आपल्या स्टार्टअपवाल्या पोरांचेही लहान उपग्रह होते. दोन-दोन वर्षांची मेहनत. हसू येत नाही मला त्यावर.

आता मूळ विषय. मी चौतीस वर्षं मुंबईत एका मोठ्या कारखान्यात रॉकेटच्या कामावर होतो, बारा वर्षांपूर्वी निवृत्त. तुम्हा लोकांना खाजगी कंपन्या 2020 नंतर आल्या असं वाटतं. अहो, वालचंदनगरला साखर कारखान्याची यंत्रं करता करता पीएसएलव्हीच्या मोटारींची केसिंग करतात, ती कैक वर्षं. गोदरेज म्हणजे तुम्हाला कपाट, पण विक्रोळीला इस्रोच्या रॉकेटचं विकास इंजिन बनायचं. एल अँड टी पवईला. यांच्यापैकी एकानेही घर रॉकेटवर चालवलं नाही. घर चाललं साखरेवर, कपाटांवर. रॉकेटच्या कामाने मिळाली ती शिस्त, आणि बाजारात नाव.

शिस्त म्हणजे काय सांगतो. आमच्याकडे एकदा एक व्हॉल्व्ह बॉडी परत आली. मापं सगळी बरोबर. कशाला परत, तर आतल्या दोन भोकांच्या छेदावर बर (धातूची सुटी कड) राहिली होती, केसाएवढी. ती बर सुटून पुढे गेली तर सील खराब, सील गेलं तर उड्डाण गेलं. ती बर काढायला एक म्हातारा फिटर होता, घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून बसायचा, दिवसाला तीन नग. त्याला सुपरवायझरपेक्षा जास्त मान होता. तेव्हा लेथवाला, तुमच्या मशीनचा भाव सांगितलात, पण इन्स्पेक्शन कोण करणार ते सांगितलं नाहीत.

लेथवाला_भोसरी

आजोबा, बरोबर नस पकडलीत. सीएमएम माझ्याकडे नाहीये, बाहेरून करतो, चिंचवडला. पार्ट फोममध्ये गुंडाळून मांडीवर घेऊन जातो मी स्वतः, ॲक्टिव्हावर मागे बसून. पोराला देत नाही, तो खड्डे बघत नाही.

मुक्ता_के

ॲक्टिव्हावर रॉकेट. धाग्याचं नाव बदला.

नभांगण

सोलापूर_ते_सिएटल, तुम्ही लाँचला किरकोळ म्हणालात ते पूर्ण पटत नाही. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर इंटरनेट देणाऱ्या वनवेब कंपनीचे 36 उपग्रह बैकोनूरच्या लाँचतळावर अडकले, बाकीचे लाँच करायला कुणी नाही, तेव्हा इस्रोचं मोठं रॉकेट एलव्हीएम-3 कामाला आलं. ऑक्टोबर 2022 आणि मार्च 2023 अशा दोन फेऱ्यांत 72 उपग्रह, हजार कोटींच्या वरचं कंत्राट. आणि डिसेंबर 2025 ला अमेरिकन कंपनीचा ब्लूबर्ड नेला, 6,100 किलो, भारतातून गेलेला सगळ्यात जड. साध्या मोबाइलला थेट वरून सिग्नल द्यायचा असा तो उपग्रह, त्याचा अँटेना उघडल्यावर 2,400 चौरस फूट.

चहा_बिस्कीट

कार्पेट की बिल्टअप?

मुक्ता_के

बाणेरला असता तर तीन कोटी, पार्किंग वेगळं.

सोलापूर_ते_सिएटल

हाहा. नभांगण, मुद्दा मान्य, पण दुसरी बाजू पण बघा. आपलाच जीसॅट-एन2 हा दळणवळणाचा उपग्रह, 4,700 किलोचा, नोव्हेंबर 2024 ला फाल्कनवर पाठवावा लागला कारण एवढं वजन त्या उंच कक्षेकडे न्यायची एलव्हीएम-3 ची ताकद नव्हती. आणि त्या अख्ख्या वर्षात इस्रोची उड्डाणं पाच. रॉकेट चांगलं असून उपयोग नाही, गिऱ्हाईक दारात उभं असताना गाडी सुटायला हवी. दर महिन्याला सुटली तर लेथवाल्यांचे 14 चे 1,400 नग होतील, तोपर्यंत 14 च.

सिंदेवाहीकर

वर काय जातं यावर एवढी चर्चा, खाली काय येतं ते आम्हाला विचारा. 2 एप्रिल 2022, गुढीपाडवा. संध्याकाळी अंगणात बसलो होतो, आकाशातून आगीच्या रेघा गेल्या, लोक म्हणाले विमान पडलं, कुणी म्हणे उल्का. आमच्या तालुक्यात लाडबोरीला भलीमोठी धातूची रिंग पडली, माणूस आत उभा राहील एवढी. आजूबाजूच्या गावांत गोळे सापडले. तज्ज्ञ म्हणाले चिनी रॉकेटचा तुकडा असावा. मी दुसऱ्या दिवशी बघून आलो, पोलीस होते, पोरं सेल्फी काढत होती. कुणाला लागलं नाही हे नशीब. हजारो उपग्रह सोडताय, त्यांचं भंगार कोण गोळा करणार ते ठरलंय का?

कऱ्हाडी_मिरची

बाप रे. ती रिंग भंगारवाल्याने किलोवर नेली नाही हे नवल.

सिंदेवाहीकर

पोलीस स्टेशनला नेऊन ठेवली होती. भंगारवाला विचारायला आला होता, खोटं नाही सांगत.

मुक्ता_के

भंगार गोळा करणं हा पण धंदा व्हायला लागलाय की आता, जपानी ॲस्ट्रोस्केल तेच करायला निघालीय. फक्त बिल कुणाच्या नावाने फाडायचं हा प्रश्न आहे, कारण ज्याचा कचरा तो वर हात करतो. सोसायटीतल्या ओल्या-सुक्यासारखंच.

धडगावचा_मास्तर

जरा विषयांतर. मी नंदुरबार जिल्ह्यात शिक्षक आहे. महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर 2025 ला स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर सही केली, गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशिम या जिल्ह्यांची नावं आहेत त्यात. आमच्या शाळेत ऑनलाइन हजेरी भरायला मी मोबाइल घेऊन टेकडीवर जातो, तिथे एक मोहाचं झाड आहे, त्याच्या दक्षिणेला सिग्नलच्या दोन कांड्या येतात. पावसाळ्यात त्यापण नाही. तुमच्यासाठी हा बिझनेस ट्रेंड असेल, माझ्यासाठी ती टेकडी वाचेल. फक्त वीज नसली की डिशचं काय करायचं ते कुणी सांगत नाही.

सोलापूर_ते_सिएटल

मास्तर, छोटी डिश साधारण 25 ते 40 वॉट खाते, एक बऱ्यापैकी सोलर पॅनल आणि बॅटरीवर निघेल. महिन्याचं बिल कोण भरणार हा खरा प्रश्न. शाळेचं सरकारने भरलं तर चालेल, घरोघरी मला अवघड वाटतं.

ऊसतोडणी_कॅलेंडर

मी साखर कारखान्याच्या शेती खात्यात आहे. आमच्याकडे दोन-तीन कंपन्या येऊन गेल्या, उपग्रहाच्या फोटोवरून सांगतो म्हणाल्या कुठल्या प्लॉटमधला ऊस कधी पक्व होईल. डेमो छान. मग आमच्या एका पोराने युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांचे फोटो उतरवून घेतले, दर पाच दिवसांनी, 10 मीटरचे, आणि चक्क फुकट! त्याने साखर कारखान्यापुरतं तेवढ्यात भागवलं. मग या कंपन्यांनी विकायचं काय? जून ते सप्टेंबर तर ढगच असतात, फोटोत पांढरा कापूस. बारामतीत एआय आणि उपग्रह लावून उसाचा प्रयोग चाललाय, तिकडे लक्ष आहे आमचं. पण शेतकरी पैसे देईल असं मला वाटत नाही, देईल ते विमा कंपनी, बँक नाहीतर सरकार.

मुक्ता_के

हे अगदी खरं. मी याच क्षेत्रात, डेटाच्या बाजूला. प्रेझेंटेशनमध्ये शेतकऱ्याचा फोटो असतो आणि चेक संरक्षण खात्याचा असतो. जगभर हेच चित्र आहे. आपल्याकडे 2024 ला टेहळणीचे 52 उपग्रह मंजूर झाले, त्यातले 31 खाजगी कंपन्यांनी करायचे. पिक्सेल ही उपग्रहवाली स्टार्टअप आणि तिच्यासोबतच्या कंपन्यांना 2025 ला 12 उपग्रहांचं काम मिळालं, त्यात त्या स्वतःचे बाराशे कोटी घालणार आहेत. म्हणजे लेथवाला, पार्ट उपग्रहाचा असेल तर तो कोणासाठी आहे ते बघा. शेवटचं गिऱ्हाईक सरकार असेल तर पैसे उशिरा येतील पण बुडणार नाहीत. शेवटचं गिऱ्हाईक "पुढचा फंडिंग राउंड" असेल तर खडूस काकांचं ऐका.

खडूस_सीए

काका? बरं.

टर्बाइन_आजोबा

मुक्ताताईंचं म्हणणं योग्य आहे. माझा सल्ला, मशीन आत्ता नको. आधी एएस 9100 (विमान-रॉकेटच्या कामाचं दर्जाचं प्रमाणपत्र) करा, त्याला काही लाख आणि वर्षभराची डोकेफोड आहे, पण ते सर्टिफिकेट उद्या विमानाच्या कामालाही चालतं, एकाच पार्टीवर अवलंबून राहत नाही. एसएसएलव्हीचं तंत्रज्ञान हिंदुस्तान एरोनॉटिक्सने 511 कोटींना घेतलंय, ते सगळं घरात थोडंच करणार, बाहेर वाटणार. तेव्हा ज्याच्याकडे कागद तयार असतील त्याला काम. आणि एकूण कामाच्या पाचव्या हिश्शाच्या वर हे जाऊ देऊ नका. मशीन तासावर मिळतं चाकणला.

नभांगण

आजोबांशी सहमत. सगळंच नको म्हणत नाहीयेत ते, एवढंच नोंदवतो.

लेथवाला_भोसरी

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. पोराला अख्खा धागा वाचायला लावला. तो इरिडियमवर अडकलाय, म्हणतो बाबा आपण दुसरा मालक होऊ. पार्टीला कळवलं की पीओ द्या, चाळीस टक्के ॲडव्हान्स द्या, मग बोलू.

चहा_बिस्कीट

दोन महिने झाले, धागा वर काढतोय. लेथवाला, काय झालं पुढे? रॉकेट का कपाट?

लेथवाला_भोसरी

अरे हो, राहूनच गेलं. दोनशेचा पीओ काही आला नाही. 22 नगांचा आला, तीस टक्के ॲडव्हान्ससकट. मशीन घेतलं नाही, चाकणला मित्राकडे फाइव्ह ॲक्सिस रात्रपाळीला तासावर घेतो, माझा ऑपरेटर जातो. एएस 9100 वाला कन्सल्टंट येऊन गेला, त्याने शेडमधला कॅलेंडरचा खिळा पण लिहून घेतला.

पहिला नग पास झाला. दुसरा परत आला, आणि आजोबा, तुम्ही हसाल, आतल्या भोकांच्या छेदावर बर. 4 मिमीच्या भोकात 3 मिमीचं भोक, 60 मिमी आत. ब्रश घालून बघितला, कडा गोल होते. तुमचा तो फिटर काय वापरायचा?

टर्बाइन_आजोबा

हसलो नाही. बांबूची काडी, पुढे चपटी तासलेली, तिच्यावर लॅपिंग पेस्ट अगदी टिकलीएवढी. आधी भोकात बारीक टॉर्च दुसऱ्या बाजूने धरायचा. काडी फिरवायची नाही, फक्त ओढायची, आपल्याकडे. ॲल्युमिनियम मऊ आहे, पेस्ट रुतून बसते, म्हणून दर पाच ओढींना सॉल्व्हंटने धुवायचं, विसरू नका. आणि चहा घेतल्यावर अर्धा तास हात लावायचा नाही, तो म्हणायचा हात हलतो.

चहा_बिस्कीट

मी यातून बाद.

लेथवाला_भोसरी

काडी तासायला बसलोय. उद्या सांगतो.